शेवटची ओळ आधी

रामलिंगच्या घरात एक नियम होता आणि तो त्याच्या बायकोनं, गौरम्मानं घालून दिलेला होता. माणूस लिंगपूजेला बसलं की त्याला हाक मारायची नाही. दूध उतू जावो, दारात पाहुणा उभा राहो, म्हैस दावं तोडून दुसऱ्याच्या रानात शिरो. गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलेलं आहे तोवर त्या माणसाला शिवायचं नाही, हलवायचं नाही.

त्यांची लेक ऋतुजा सहा वर्षांची असताना अंगणात पडून तिचा गुडघा फुटला होता. गौरम्मानं पूजा आटोपून डोळे उघडले तर पोरगी उंबऱ्याशी उभी. रक्त पोटरीवरून घोट्यापर्यंत आलेलं, ओठ गच्च मिटलेले.

"अगं, हाक नाही का मारायची?"

"तू बसली होतीस की," ऋतुजा म्हणाली आणि मग रडली.

पुढं ती मोठी झाली तशी आईची पूजा चालू असताना रोज समोर बसून वचनांच्या पुस्तकातलं एक वचन वाचायला लागली. मोठ्यानं, पण हाक मारल्यासारखं नाही. आपल्याआपणच वाचावं तसं. मुरुडच्या त्या घरात नऊ-दहा वर्षं सकाळचे सहा त्या आवाजानंच वाजले. बारावीनंतर ती नांदेडला इंजिनियरिंगला गेली, वसतिगृहात राहिली, आणि घरातली सकाळ मुकी झाली. गौरम्मा कधी बोलून दाखवायची नाही. पण लेकीला कळायचं.

मागच्या श्रावणात तिचा फोन आला. "आई, तुझ्यासाठी एक प्रोग्रॅम करायलेय. लॅपटॉपवर. सकाळी सहाला आपोआप उघडंल. आजचा वार, तिथी, तुझा कुठला नेम, सगळं दिसंल. खाली एक बटण. दाबलंस की मी वचन वाचीन."

"तू कुठून वाचशील? तू तिकडं."

"वाचून ठेवलेत की. शंभर झालेत. आवाज बसलाय माझा, ऐक." आणि ती खोकून हसली होती.

तो नुसता खोकला नव्हता. चार दिवसांत डेंगीनं तिला नेलं.

नांदेडच्या दवाखान्यातून पोरीसोबत एक प्लास्टिकची पिशवी मिळाली. त्यात कानातलं, घड्याळ, लिंगाची दोरी आणि आणखी एक काळी दोरी, खाली करंगळीच्या पेराएवढं काहीतरी लटकणारं. हे दुसरं ती गेल्या दिवाळीपासून गळ्यात घालायची, झोपतानासुद्धा. गौरम्मानं तेव्हा विचारलंही होतं, काय गं हे. "माझा अर्धा जीव हाय त्यात," ती म्हणाली होती.

अंघोळ घातल्यावर पोरीचा मोकळा गळा गौरम्माला बघवेना. जन्मल्यापासून जो गळा एक दिवस मोकळा राहिला नाही, तो असा कसा पाठवायचा? तिनं लिंगाची दोरी घातली आणि पाठोपाठ काळी दोरीही घातली. शेजारची कोंडाबाई हळूच म्हणाली, "ते काढून ठिव की गं. कामाचं असंल कायतरी."

"तिच्या गळ्यातलं हाय," गौरम्मा म्हणाली. "राहू द्या."

मठाच्या स्वामींनी लिंग तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं. विभूती, बेलाची पानं. रीतीप्रमाणे मांडी घालून बसवलेल्या पोरीला त्यांनी रामलिंगच्याच रानात, बांधावरच्या लिंबाखाली समाधी दिली. त्या दिवशी गौरम्मानं मनाशी धरलं, पोरीचा आवाज ऐकेपर्यंत साखर तोंडात घालायची नाही. कुणाला सांगितलं नाही, साखर घालायच्या आत आपला चहा तेवढा बाजूला ओतून घ्यायची. नेम सांगितला की निम्मा होतो असं तिला वाटे.

लॅपटॉप रामलिंगनं वसतिगृहातून गादी-भांड्यांबरोबर आणला होता. ऋतुजाचा मोबाईलही होता, पण त्याचं कुलूप उघडता उघडता दुकानदारानं आतलं सगळंच पुसून टाकलं. गौरम्माकडं बटणांचा फोन. त्यात नुसते नंबर. म्हणजे आवाज उरला होता तो त्या लॅपटॉपमध्येच. तीन महिने तो देवळीखालच्या फळीवर फडक्यात गुंडाळून होता. मार्गशीर्षात एका सकाळी पूजा झाल्यावर गौरम्मानं तो उघडला. पासवर्ड लेकीनं कधीच सांगून ठेवला होता, आईचंच नाव. पडद्यावर 'आईचा नेम' लिहिलेलं एक चित्र होतं. तिनं दोनदा टिचकी मारली. एक काळी खिडकी उघडली, डोळ्याची पापणी लवते तेवढीच, आणि गेली.

तिनं परत टिचकी मारली. परत आली, परत गेली. दुपारी रामलिंग रानातून आला तेव्हा ती तशीच बसून टिचक्या मारत होती.

"काय करायलीस?"

"येऊन जायलंय," ती म्हणाली.

रामलिंगनं बाजारातल्या जिलानीभाईंना विचारलं. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्यांची लेक सादिया लातूरला कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. जिलानीभाई म्हणाले, "पाठवा वहिनीला. सादियाला सांगतो मी. घड्याळ असतं तर मीच उघडलं असतं."

असं करत गौरम्मा मंगळवार-शुक्रवार मुरुडहून एसटीनं लातूरला जायला लागली. मांडीवर लॅपटॉप, त्याला फडकं, फडक्याला गाठ.

सादिया तिशीची. बोलणं भराभर, हात त्याहून भराभर. पहिल्या दिवशी तिनं सगळं ऐकून घेतलं आणि लॅपटॉप स्वतःकडं ओढला. "द्या काकू. तासाभराचं काम असंल. मी करून देते."

गौरम्मानं लॅपटॉपवरचा हात काढला नाही. "तू करू नको, बाई. मला शिकव. मी करते."

"अहो, महिने जातील."

"जाऊ द्या. आमच्यात आपली पूजा आपल्याच हातावर करायची असते. दुसऱ्याच्या हातून चालत न्हाई." मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि तुझ्या हातून तासात झालं, तर मग मी काय करू?"

सादियानं तिच्याकडं बघितलं आणि पुढं वाद घातला नाही. तिनं सगळ्या फाइलींची एक प्रत काढली, मूळ बाजूला ठेवलं. "हे तिचं. ह्याला हात लावायचा नाही. चुका करायच्या त्या प्रतीत."

मग शिकवलं ते असं. टिचकी मारून उघडलं की खिडकी काय म्हणते ते ऐकायच्या आत ती मिटते. म्हणून आधी काळी खिडकी आपण उघडायची आणि तिच्यात प्रोग्रॅमचं नाव लिहून तो चालवायचा. मग तो पडला तरी खिडकी उभी राहते आणि का पडला ते त्यात राहतं. गौरम्मानं एका बोटानं नाव लिहिलं. लाल-पांढऱ्या इंग्रजी ओळींचा ढीग पडला. तिचा जीव दडपला. दहावी झालेली होती ती, पण इंग्रजी पार गंजलेलं.

"घाबरू नका. वरून वाचायचं नाही. शेवटची ओळ आधी वाचा," सादिया म्हणाली. "खरं कारण तिथं असतं. वरचं सगळं नुसतं कुठून कुठं गेलं त्याची वाट. आणि ज्या फाइलचं नाव त्यात असंल, तेवढीच फाइल उघडायची. बाकीच्यांना छेडायचं नाही."

शेवटच्या ओळीत म्हटलं होतं की एक नाव ओळखता येत नाही. ऋतुजानं वर एक नाव ठेवलं होतं आणि खाली तेच लिहिताना पहिलं अक्षर मोठं टाकलं होतं. एवढंच. गौरम्मा त्या अक्षराकडं बघत राहिली. पोरगी घाईत असली की असंच करायची. शाळेतसुद्धा वेलांट्या सोडून यायची.

"बदला," सादिया म्हणाली.

"तिनं लिहिलंय."

"प्रत हाय काकू. तिचं तसंच हाय."

गौरम्मानं ते अक्षर बदललं. गावातल्या बायकांचे ब्लाऊज शिवताना चुकलेला एक टाका उसवावा तसं.

त्यानंतर दर वेळी नवीन काही. कधी कंस उघडून मिटायचा राहिलेला, कधी एक ओळ दोन जागा आत सरकलेली. सादियाचा दुसरा नियम तिला लगेच पटला, एका वेळी एकच बदल करायचा आणि चालवून बघायचं. बाही, गळा, पाठ सगळं एकदम उसवलं तर बिघडलं कुठं ते कधी कळणार? क्लासमधली पोरं आधी कानकोंडी व्हायची, नंतर सरावली. जिक्रा नावाची एक चुणचुणीत पोरगी शेजारी बसायची. ती एकदा म्हणाली, "काकू, तुमच्या प्रोग्रॅमनं बी सोमवार धरलाय वाटतं. काई खाईनाच."

"सोडंल की उपास," गौरम्मा म्हणाली. "सांजेला."

संक्रांतीच्या सुमारास खिडकी उघडली आणि उघडी राहिली. वर ऋतुजानं काढलेली निळी पट्टी, त्यात 'आईचा नेम'. गौरम्माला हुंदका आला, पण तो बाहेर पडायच्या आत खिडकी पांढरीफटक झाली, आणि कशालाही दाद देईना. बटण दाबलं तर नाही, मिटायला गेलं तर नाही.

सादियानं फाइल वाचली. "सहा वाजायची वाट बघायला लावलंय त्याला तिनं. पण कसं? एकाच जागी उभं राहून विचारत राहतंय, वाजले का सहा, वाजले का सहा. श्वास घ्यायला फुरसत नाही त्याला. मग रंग कोण भरणार, बटण दाबलेलं ऐकणार कोण? सगळे नवीन लोक ही चूक करतात, काकू. मी बी केली होती."

"मग काय करायचं?"

"त्याला म्हणायचं, जा, आपली कामं कर, आणि एका मिनिटानं येऊन बघून जा वाजले का."

ते बसवायला पंधरा दिवस लागले. घरी येऊन गौरम्मा रामलिंगला जेवण वाढताना सांगायची, आज अमुक झालं, आज तमुक अडलं. तो तोंडात घास तसाच धरून ऐकायचा. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं. तो फक्त शेवटी विचारायचा, "बोलली का?"

"न्हाई अजून."

माघात चित्राची अडचण आली. खिडकीच्या मधोमध बेलाच्या पानाचं चित्र यायचं होतं, पण तिथं नुसता रिकामा चौकोन. शेवटच्या ओळीला विचारावं तर ओळच नाही. प्रोग्रॅम म्हणे सगळं बरोबर आहे. सादिया हसत हसत सांगायला लागली, "ही तर फारच जुनी खोड. चित्र आत आणलं, पण त्याला नाव देऊन कुणी धरून ठेवलं नाही. कॉम्प्युटर झाडलोट करत असतो, काकू. ज्याला कुणी धरलेलं नाही, ते त्याला वाटतं कुणाला नको, आणि तो..."

ती मध्येच थांबली. गौरम्मा पडद्यावरच्या रिकाम्या चौकोनाकडं बघत होती.

"आणि तो टाकून देतो," गौरम्मानंच वाक्य पुरं केलं. "सांग, कसं धरायचं?"

सादियानं सांगितलं. गौरम्मानं चित्राला नाव दिलं आणि ते खिडकीच्याच पदराला बांधलं. तीन पानांचा बेल उमटला. त्या दिवशी एसटीत तिनं खिडकीकडं तोंड करून मुरुड येईपर्यंत डोळे पुसले. शेजारची बाई म्हणाली, धूळ लई उडायली नाही का. हाव, ती म्हणाली.

असं होता होता चैत्र लागला. उन्हानं काळी रानं फाटायला लागली. शुक्रवारचा दिवस होता. प्रोग्रॅम उघडला, वार आला, तिथी आली, नेमाच्या जागी 'शुक्रवार, एकभुक्त' आलं. बेल आला. खाली बटणही आलं, त्यावर ऋतुजानं लिहिलं होतं, 'ऐक'. कुठंच काही तक्रार नव्हती. जिक्रा आपली खुर्ची सरकवून जवळ आली होती. मागची दोन पोरं उठून उभी होती. सादिया मात्र टेबलाच्या पलीकडंच थांबली, हाताची घडी घालून.

गौरम्मानं पदर डोक्यावरून घेतला. गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि बटण दाबलं.

आवाज आला नाही. एक लहानशी चौकट उघडली. चार महिन्यांत आलेल्या सगळ्या चौकटी इंग्रजीतल्या होत्या. ही मराठीत होती.

'आई, पेनड्राइव्ह लावायचं राहिलं बघ. माझ्या गळ्यात असंल, मागून घे.'

खाली एकच बटण, 'ठीक आहे'.

गौरम्मानं ते एकदा वाचलं. मग ओठ हलवून परत वाचलं, 'असंल' पाशी थांबून, जसं ती म्हणाली असती तसं. हे कुठं होतं इतके दिवस? लेकीनं बोलायच्या ओळी एका वेगळ्या फाइलीत ठेवल्या होत्या. त्या फाइलीनं कधी तक्रार केली नाही, म्हणून गौरम्मानं ती कधी उघडली नाही.

"काळ्या दोरीत," ती म्हणाली. "करंगळीच्या पेराएवढं."

"हाव काकू. तसलंच असतं ते." सादिया खाली बसली. "मी पहिल्याच आठवड्यात बघितलं होतं. लॅपटॉपमध्ये आवाजाची एक फाइल नव्हती. मला वाटलं कुठंतरी लपवून ठेवल्या असतील, शेवटी प्रोग्रॅमच सांगेल. तुम्ही इतक्या... मला सांगवलं नाही. कुठं हाय ते पेनड्राइव्ह? घरी हाय का?"

"तिच्याजवळच हाय," गौरम्मा म्हणाली. "मीच घातलं."

सादियाला कळायला एक क्षण लागला. मग तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

गौरम्मानं 'ठीक आहे' दाबलं. लॅपटॉप मिटला, फडकं बांधलं, गाठ मारली. जाताना सादियाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तू चांगलं शिकवलंस. तुझं काही चुकलं न्हाई."

घरी रामलिंग दारातच उभा होता. आज शेवटचं आहे असं ती सकाळी सांगून गेली होती. त्यानं नवा सदरा घातला होता, कुणी भेटायला येणार असल्यासारखा.

"बोलली का?"

तिनं सगळं सांगितलं. काळी दोरी, पिशवी, कोंडाबाई काय म्हणाली ते, आपण काय म्हणालो ते. काही राखून ठेवलं नाही. रामलिंगनं ऐकून घेतलं. मग पायात चपला सरकवल्या, कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि रानाकडं निघाला. ती मागून चालत राहिली. हाक मारली नाही.

लिंबाखाली समाधीभोवतीची माती फाटली होती. भेगा अशा की त्यांत मनगटापर्यंत हात जावा. रामलिंग फावडं टेकून उभा राहिला. ऊन उतरणीला लागलं होतं.

"सादियानं सांगितलं का, अजून चालंल म्हणून?" त्यानं विचारलं.

"मी विचारलं न्हाई."

"चालत बी असंल. आजकालची वस्तू पाण्यानं सुदीक बिघडत न्हाई म्हणत्यात." तो भेगेकडंच बघत होता. "शंभर हायत म्हणालीस ना. शंभर वचनं. गौरा, मला एक ऐकू दे. एकच. मग मी परत होतं तसं करून ठेवतो. तू नुसतं हो म्हण."

इतक्या वर्षांत नवऱ्यानं तिच्याजवळ काही मागितलेलं तिला आठवत नव्हतं. ती भेगेपाशी बसली. तिनं खरोखरच आत हात घातला. आतली माती थंड होती, वरच्यासारखी नव्हती. आणखी खाली, हातभर, दोन हात, पोरगी मांडी घालून बसली होती. मग तिनं हात काढून घेतला.

"ती पूजेला बसलीय," गौरम्मा म्हणाली. "हातावर लिंग हाय तिच्या. मी कशी उठवू?"

रामलिंगनं भेगेवरची नजर काढून तिच्याकडं बघितलं.

"गुडघा फुटला होता तिचा," ती म्हणाली. "एवढीशी होती. रक्त वाहत होतं अन् उभी राहिली माझं होईस्तोवर. हाक मारली न्हाई तिनं मला. अन् मी..."

रामलिंगनं फावडं खाली ठेवलं आणि तो तिच्याशेजारी मातीत बसला. नव्या सदऱ्यासकट. दिवस पार मावळेपर्यंत दोघं बसून राहिले, आत बसलेलीच्या समोर, तिचं होईपर्यंत थांबल्यासारखे. मग उठून घरी आले, कारण म्हैस ओरडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, रात्रीच चालू करून ठेवलेल्या लॅपटॉपवर 'आईचा नेम' आपोआप उघडला. शनिवार आला, तिथी आली, बेल आला. पूजा संपवून गौरम्मानं 'ऐक' दाबलं. चौकट आली. 'आई, पेनड्राइव्ह लावायचं राहिलं बघ.' सादियानं शिकवल्याप्रमाणे ती चौकट येऊच नये असं करता आलं असतं. एक ओळ काढायची होती. तिनं ती काढली नाही. रोज वाचायला एवढंच तर होतं.

तिनं ते शेवटपर्यंत वाचलं. 'ठीक आहे' दाबलं. मग फळीवरून वचनांचं पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि ऋतुजा बसायची तिथं, उंबऱ्याकडं पाठ करून, स्वतःच मोठ्यानं वाचायला लागली. तिला वाचायची सवय नव्हती. ती अडखळत होती, एक ओळ दोनदा वाचत होती, मध्येच आवाज फुटत होता.

रामलिंग चहाचे दोन कप घेऊन दारापर्यंत आला आणि तिथंच थांबला. वचन लांबलं, चहा निवला, वर साय धरली. त्यानं हाक मारली नाही. तिनं पुस्तक मिटलं तेव्हा तो आत आला आणि एक कप तिच्यापुढं ठेवला. गौरम्मानं घोट घेतला. मग त्याच्या कपाकडं हात नेऊन त्यातलाही एक घोट घेतला आणि कप त्याच्यापुढं परत सरकवला.

दोन्हींत साखर नव्हती.